सोनहिरा खोऱ्यांतील दोन फेऱ्या

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कऱ्हाड मागें पडून कृष्णेचें खोरें रुंदावूं लागलें, म्हणजे किर्लोस्करवाडी नांवाचें स्थानक लागतें. आजच्या वेगवान गाड्यांतील पुष्कळशा उतारूंचें त्याकडे लक्षहि जात नसेल. परंतु ज्या घरांत आजोबांच्या वेळचीं मासिकें बांधून माळ्यावर जपून ठेविलेलीं आहेत, त्या घरांतील माणसास ती पाटी दिसतांच खिडकीबाहेर डोकावल्यावांचून राहवत नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं, औंध संस्थानच्या हद्दींतील निवडुंगानें भरलेल्या एका माळावर येथें कारखाना उभारिला, हें सर्वश्रुतच आहे. तेव्हां या स्थानकाचें नांव कुंडल रोड असें होतें. त्याच माळावरून १९२० पासून 'किर्लोस्कर खबर' निघूं लागली व तिचेंच पुढें 'किर्लोस्कर' मासिक झालें. १९३० सालीं 'स्त्री' आलें, १९३४ सालीं 'मनोहर' आलें. नांगराच्या फाळामागोमाग येथून छापील कागदहि गांवोगांव गेला, आणि मराठी मध्यमवर्गानें आपण कोण आहों व कोण व्हावयाचें आहे याचा पुष्कळसा विचार त्या कागदावर केला.

मासिकांविषयींहि त्या काळीं वडीलधारी मंडळी कुरकुरत असत. बायकांच्या हातीं गोष्टी व कादंबऱ्या आल्या, आतां चुलीवरचें दूध उतूं जाणार, असा तो सूर होता. म्हणून नव्या साधनाविरुद्ध कोणी तक्रार केली कीं आम्ही प्रथम सावध होतों. ती तक्रार बहुधा जुनीच असते. तथापि त्या मासिकांची रीत आठवली म्हणजे एक फरक डोळ्यांत भरतो. मासिक महिन्यांतून एकदां येई. तें आलें कीं पहिला मान कोणाचा यावरून घरांत लटका तंटा होई. मग एकानें वाचावें, चौघांनीं ऐकावें; दुपारीं तें सोप्यावरून माजघरांत जावें, तेथून शेजारीं जावें, आणि परत येईल तेव्हां त्याच्या पाठपृष्ठावर हळदीच्या बोटाचा ठसा असावा. एखाद्या लेखावरून सासूसुनांत मतभेद झाला तरी तो एकाच मजकुरावरून होई, कारण दोघींनीं तेंच पान वाचलेलें असे. आज एकाच पलंगावर बसलेल्या दोघां भावंडांच्या हातांतील फोनांत दोन निरनिराळे महाराष्ट्र असतात. एकास गड, घोडे व तलवारी दिसतात. दुसऱ्यास परदेशचें शिक्षण व पिळदार दंड दिसतात. मागल्या खेपेस बोट कोठें थांबलें तें हें यंत्र ध्यानांत ठेवितें, आणि तसलेंच आणखी चार पुढें करितें. दुसऱ्यानें काय पाहिलें हें पहिल्यास कळण्याचें कारणच उरत नाहीं.

आमचें कुटुंब एकत्र आहे. पुण्यास एका जुन्या वाड्याच्या जागीं बांधलेल्या इमारतींतले दोन मजले आमच्याकडे आहेत. माणसें अकरा, फोन नऊ. व्हॉट्सॲपवर घराचा एक समूह आहे. माजघरांत बसलेल्या काकूंस स्वयंपाकघरांतल्या सुनेकडून आधीं त्या समूहावर फुलांच्या चित्रासह शुभ प्रभात येतो, व मागाहून चहा येतो. आम्ही हें तक्रार म्हणून सांगत नाहीं. अमेरिकेंतील आमची भाची त्याच समूहावर आपल्या लेकीचें पहिलें पाऊल दाखविती झाली, तेव्हां नव्वदीच्या आत्याबाईंच्या डोळ्यांस पाणी आलें होतें. हें यंत्र नसतें तर तें पाऊल त्यांनीं पाहिलेंच नसतें. परंतु दिवेलागणीच्या वेळीं नऊ खोल्यांत नऊ निळसर उजेड पडलेले दिसतात, आणि थोरल्या वहिनी जेवावयास हांक मारण्यासाठीं समूहावरच संदेश धाडितात, तेव्हां आपण एकत्र आहों म्हणजे नक्की काय, हा प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं.

२०२२ सालच्या दिवाळीच्या सुमारास सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या खेड्याची हकीकत वर्तमानपत्रांतून झळकली. कडेगांव तालुक्यांतल्या या गांवानें देवळावर भोंगा बसविला असून रोज सायंकाळीं सातास तो वाजला कीं सारें गांव फोन व टेलिव्हिजन बंद करितें, साडेआठास पुन्हा वाजला म्हणजे ज्यानें त्यानें आपापलें यंत्र उघडावें, अशी ती हकीकत होती. वहिनींनीं ती जेवतांना मोठ्यानें वाचून दाखविली. त्यांचा धाकटा मुलगा, आमचा पुतण्या, तेव्हां नववींत होता. त्यानें मान वर न करितां ती बातमी आपल्या फोनवर शोधून काढिली व खरी असल्याचा निर्वाळा दिला! मार्गशीर्षांत आम्ही तिघे निघालों.

किर्लोस्करवाडीस उतरून वाहनानें निघालें कीं कुंडल लागतें. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचें हें एक बळकट ठाणें. १९४३ ते १९४६ या काळांत सातारा-सांगलीच्या या पट्ट्यांत इंग्रजी अंमलाच्या नाकावर टिच्चून लोकांचीं न्यायपंचायतें चाललीं. रेडिओ व तारायंत्रें सरकारच्या हातीं होतीं. भूमिगतांचें सारें काम ओळखीच्या माणसांवर चाले. निरोप आणणारा कोणाचा कोण, हें ठाऊक असल्यावांचून निरोपास किंमत नसे. ही गोष्ट आम्हीं पुतण्यास सांगितली; ती कितपत उतरली तें कळण्यास मार्ग नव्हता, कारण त्याच्या कानांत बोंडें होतीं.

पुढें सागरेश्वराचा डोंगर लागतो. येथील जुन्या देवळांचा समूह व थंडगार सावली पाहण्याजोगी आहे. पण त्याहूनहि नवल तेथल्या अभयारण्याचें वाटतें. हें अरण्य माणसांनीं वसविलेलें आहे. उजाड झालेल्या टेकड्यांवर झाडें लाविलीं, कुंपण घातलें, हरणें आणून सोडिलीं, आणि १९८५ सालीं त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारें अकरा चौरस किलोमीटरांचा हा हिरवा डाग उभा करण्याच्या खटपटीशीं वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचें नांव कायमचें जोडलेलें आहे. वहिनींनीं कुंपणाच्या जाळीकडे पाहून विचारलें, कीं आंतलीं झाडें आतां एवढीं मोठीं झालीं, मग कुंपण अजून कशास? बरोबरच्या वाहनचालकानें उत्तर दिलें, "कुंपन काढलं की गुरं शिरत्यात, ताई. झाड मोठं झालं तरी रोप लहानच असतंय की." यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव देवराष्ट्रें येथून जवळच आहे, तेंहि ओझरतें पाहून आम्ही वडगांवास पोंचलों तों ऊन कलंडलें होतें.

गांव तीन हजारांच्या आसपास वस्तीचें. भोंवतीं ऊस, गाळपाचा हंगाम असल्यानें रस्त्यावर पाचोळा उडत होता व उसाच्या ट्रॉल्या डुलत चालल्या होत्या. घरें बहुतेक पक्कीं, दारांत मोटारसायकली, गच्च्यांवर टेलिव्हिजनच्या छत्र्या. कोणास वाटेल कीं हा कांहीं विरक्त, साधूसंतांचा गांव असेल; तर तसें मुळींच नाहीं. हा चारचौघांसारखा, बऱ्यापैकीं सुस्थितींतला, ऊस पिकविणारा गांव आहे. भैरवनाथाच्या देवळावर चढविलेला भोंगा कारखान्याच्या शिटीच्या जातीचा होता.

ही कल्पना कशी निघाली तेंहि ऐकण्यासारखें आहे. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली, शाळा बंद पडल्या, आणि अभ्यासासाठीं म्हणून मुलांच्या हातीं फोन गेला. ज्या घरांत एकच फोन होता तेथें दुसरा आला. चार वर्षांपूर्वीं, म्हणजे २०१६ च्या सप्टेंबरांत जिओचें जाळें सुरू झाल्यापासून इंटरनेट इतकें स्वस्त झालें होतें कीं खर्चाचा धाक उरला नव्हता. शाळा पुन्हा भरल्या तेव्हां शिक्षकांस आढळलें कीं मुलें वर्गांत बसतात, पण त्यांचें मन तेथें नसतें. लिहिण्याचा हात मंद झाला आहे, आणि घरीं तर पुस्तक उघडण्याचें नांव नाहीं. सरपंच विजय मोहिते यांनीं ठरावीक वेळ सर्व यंत्रें बंद ठेवण्याची कल्पना मांडली, तेव्हां पुरुषमंडळींनीं ती हंसण्यावारी नेली. मग बायकांस एकत्र बोलाविलें गेलें. त्यांनीं आपण होऊनच कबूल केलें कीं आमचाहि बराच वेळ मालिकांत जातो. बंद करावयाचें तर सर्वांचेंच करा. येथें गाडें रुळावर आलें. ऑगस्ट २०२२ मध्यें भोंगा वाजूं लागला; आरंभीं ग्रामपंचायतीच्या लोकांस व गांवकऱ्यांस घरोघर फिरून आठवण द्यावी लागे.

आम्ही एका निवृत्त शिक्षकांच्या ओसरीवर बसलों होतों. सात वाजले. भोंग्याचा आवाज गांवावरून गेला, आणि पुढच्या दोन-चार मिनिटांत जें झालें तें सांगणें कठीण आहे, कारण पाहण्यासारखें कांहींच झालें नाहीं. पलीकडच्या घरांतून येणारें मालिकेचें संगीत मध्येंच तुटलें. त्यामागून दुसऱ्या घरांतलें तुटलें. मग जे आवाज आधींपासूनच होते ते ऐकूं येऊं लागले: गोठ्यांतलें दावें, तव्यावर पडलेली भाकरी, कोणाची तरी खोकल्याची उबळ. मुलें दप्तरें घेऊन बाहेर आलीं. कांहीं उजेडाखालीं बसलीं, कांहीं नुसतीं बसण्याचें सोंग करीत होतीं. एका घरांत गणितावरून बापलेकांचें कडाक्याचें वाजलें. समोरच्या आजीबाई आमच्या वहिनींशेजारीं येऊन टेकल्या आणि कोण, कुठल्या, माहेर कुठलें, ही चौकशी सुरू झाली. ती चाळीस मिनिटें पुरली, व तिच्या शेवटीं वहिनींच्या माहेरच्या गांवीं आजीबाईंची कोणी नणंद दिलेली असल्याचें निष्पन्न झालें. "आमची पोरं घरात असून घरात नव्हती बघा," त्या म्हणाल्या, "आता दीड तास का हुईना, वरडून घेता येतं."

पुतण्याचा फोन त्याच्या खिशांतच होता. कोणीं मागितला नव्हता, कोणीं पाहिला नसता. प्रथम दोन वेळां त्याचा हात खिशाकडे गेला. मग समोरच्या अंगणांतलीं त्याच्याच वयाचीं दोन मुलें त्याच्याकडे टक लावून पाहतात असें दिसतांच तो उठून त्यांच्याकडे गेला. काय बोलणें झालें आम्हांस ठाऊक नाहीं. परततांना त्याच्या हातांत उसाचें एक कांडें होतें.

आम्हांस या व्यवस्थेंतली खरी मख्खी तेथें बसल्यावर उमगली. फोन बंद ठेवण्याचा उपदेश घरोघर होतच असतो, व तो घरोघर फुकट जातो. कारण एकट्यानें बंद करणें म्हणजे पंगतींतून एकट्यानें उठणें. पंधरा वर्षांच्या मुलास भीति फोन दिसणार नाहीं याची नसते. आपल्यावांचून तिकडे कांहीं तरी चाललें असेल, याची असते. भोंगा वाजल्यावर तिकडे कांहींच चाललेलें नसतें. सारें गांव एकदम बंद झाल्यामुळें कोणाचेंच कांहीं बुडत नाहीं. पोथीच्या धाकानें किंवा आईच्या रागानें जें साधलें नाहीं, तें या साध्या बेरजेनें साधलें. कायद्यानें हेंच करावयाचे प्रयत्न पुढें अन्यत्रहि झाले. ऑस्ट्रेलियानें तर नोव्हेंबर २०२४ मध्यें कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खातें ठेवण्याची मनाई केली, व १० डिसेंबर २०२५ पासून ती अंमलांत आली. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यांतील बान्सी गांवानें २०२२ सालींच अठरा वर्षांखालील मुलांच्या फोनवर बंदीचा ठराव केला. पण मुलांवर बंदी घालणें निराळें, आणि थोरांनीं आपलीं मालिका व राजकारण बंद करून मुलांशेजारीं बसणें निराळें. वडगांवच्या बायकांनीं दुसरा मार्ग सुचविला, यांत त्यांचें व्यवहारचातुर्य दिसतें.

साडेआठास भोंगा पुन्हा वाजला, आणि ओसरीवरच्या एका तरुणानें फोन उघडून आम्हांस आपलें 'स्टेटस' दाखविलें. ज्या वाचकांनीं हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: व्हॉट्सॲपमध्यें आपण एखादें चित्र वा वाक्य चिकटवून ठेवावें, आपला नंबर बाळगणाऱ्या मंडळींनीं तें पाहावें, आणि चोवीस तासांनीं तें आपोआप नाहींसें व्हावें, अशी ही सोय फेब्रुवारी २०१७ पासून आहे. दाराबाहेरच्या रांगोळीसारखें तें रोज नवें काढावें लागतें. भावाचा वाढदिवस, पुढाऱ्याचा वाढदिवस, बैलाचा वाढदिवस, पुण्यतिथ्या, जयंत्या, आपल्या जातीच्या थोर पुरुषाचें चित्र, आणि कोणीं आपला अपमान केला असल्यास त्यास उद्देशून, नांव न घेतां, एक जळजळीत वाक्य. ज्यानें स्टेटस ठेविलें नाहीं त्यास मयताचें दुःख झालें नाहीं, असेंहि आतां धरिलें जातें म्हणे. पूर्वीं पांच दिवसांत दारीं येऊन न बसणाऱ्या सोयऱ्याविषयीं जें बोललें जाई, तेंच आतां याविषयीं बोललें जातें.

तोच तरुण एकेकाळीं टिकटॉकवर उसाच्या फडांत विनोदी चित्रफिती काढी. त्यास पाहणारीं माणसें हजारोंनीं झालीं होतीं. बाजाराच्या दिवशीं परगांवचे लोक त्यास थांबवून बोलत. २९ जून २०२० रोजीं केंद्र सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली, आणि तीं हजारों माणसें एका रात्रींत गेलीं. कांहीं दिवसांतच इन्स्टाग्रामची 'रील' आली. पण तेथें त्यास कोणी ओळखेना. हें सांगतांना त्याचा सूर हंसतमुखच होता. आम्हीं विचारलें, गांवांत तर तुला सारे ओळखतातच ना? तो क्षणभर थांबून म्हणाला, "ते मला वळखत्यात. पन मी काय करतो ते वळखत नव्हते."

आपल्या भाषेंत 'ओळख' हा शब्द दोन अर्थांनीं वापरला जातो. दोन माणसांचा परिचय म्हणजेहि ओळख, आणि मी कोण हें ज्यावरून कळतें तीहि ओळख. जुन्या मराठी माणसास या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्याच नाहींत. तूं कोणाचा कोण, हें विचारूनच तूं कोण तें ठरत असे. या रीतींत जाच पुष्कळ होता. जातीची, घराण्याची, सुनेची, विधवेची अशी एकदां कपाळीं बसलेली ओळख जन्मभर सुटत नसे, आणि गांव सोडून मुंबईस गेलेल्या कित्येकांनीं प्रथम मोकळा श्वास घेतला तो तेथें आपणांस कोणी ओळखत नाहीं म्हणूनच. फोननें ती गांठ सैल केली, हें त्याचें मोठें देणें आहे. फडांतल्या पोरास विनोदी नट होतां आलें. परंतु त्यानें दुसऱ्या बाजूनें एक विलक्षण गोष्ट केली. परिचयावांचून ओळख मिळूं लागली. समोरच्या माणसाच्या स्टेटसावरील चित्रावरून तो कोणत्या कळपाचा तें कळतें, आणि तेवढें कळलें म्हणजे पुढें विचारण्याचें कारण उरलें नाहीं असें वाटूं लागतें.

याचा सर्वांत भयंकर परिणाम आपल्या राज्यानें १ जुलै २०१८ रोजीं पाहिला. मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भिक्षेकरी धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा या खेड्याच्या आठवड्याच्या बाजारांत आले होते. मुलें पळविणारी टोळी हिंडत असल्याची अफवा त्या दिवसांत फोनांवरून पसरलेली होती; जमावानें त्या पांचांस ठार केलें. डवरी गोसावी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गांवोगांव हिंडणारी, दारोदार माहीत असलेली मंडळी. आमच्या लहानपणीं असा गोसावी आला कीं आजी सुपांतून पीठ घालीत असे व मागच्या खेपेस आलेल्या त्याच्या बापाची विचारपूस करीत असे. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें हिंदुस्थानांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिकांस पुढें धाडतां येणार नाहीं अशी मर्यादा घातली. मर्यादा योग्यच होती.

दुसरी फेरी आम्हीं २०२३ च्या जुलैअखेर केली, ती मोहरमासाठीं. वडगांवच्या शिक्षकांनींच सुचविलें होतें कीं कडेगांवचे ताबूत पाहिल्यावांचून हें खोरें पाहिलें असें म्हणूं नका. या खेपेस वहिनींबरोबर काकूहि होत्या. मोहरमास निघालों म्हणतांच घरांत थोडी कुजबुज झाली. पण पेशवाईंतहि ताबुतांस नवस बोललेले होते, असें सांगून काकूंनींच ती मिटविली.

कडेगांवचे ताबूत बांबूचे, रंगीत कागदांनीं मढविलेले, आणि शंभर फुटांहूनहि उंच असतात. त्यांच्या बांधणीची तऱ्हा अद्भुत आहे: कळस आधीं बांधतात, व मग एकेक मजला त्याच्या खालीं जोडीत जातात, म्हणजे इमारत डोक्याकडून पायाकडे वाढत जाते. सूत आणि चिकणमाती एवढ्यावर तो डोलारा उभा राहतो. ही परंपरा दीडशे वर्षांहून जुनी असल्याचें सांगतात. विशेष हा कीं यांतील कांहीं ताबूत हिंदु घराण्यांच्या मानाचे आहेत. तेच ते बांधतात व खांद्यावर वाहून आणतात. मिरवीत मिरवीत हे मनोरे चौकांत येतात आणि एकमेकांस भेटतात. त्या भेटीच्या वेळीं एवढे उंच मनोरे थोडे झुकतात, खालीं पेलणाऱ्यांच्या मानेच्या शिरा तटतटतात, आणि ओरडून सूचना दिल्या जातात त्या धर्माच्या नसून तोलाच्या असतात: डावीकडे घे, दोर सोड, थांब. कोणता खांदा कोणाचा, हें तेव्हां पाहणाऱ्यासहि कळत नाहीं व पेलणाऱ्यासहि कळण्याची सवड नसते.

गर्दी अफाट होती. भेटीचा क्षण आला तसे हजारों हात वर गेले व प्रत्येकांत फोन होता. आमच्या पुढें उभी असलेली एक मुलगी समोरचा ताबूत न पाहतां हातांतल्या कांचेंतला ताबूत पाहत होती. काकूंस उंची कमी असल्यानें समोरचें कांहींच दिसेना; शेवटीं त्यांनीं त्या मुलीच्या फोनमध्येंच भेट पाहिली, आणि तिनेंहि "आजी, नीट दिसतंय का?" म्हणून तो मुद्दाम खालीं धरिला. त्या चित्रफिती रात्रीपर्यंत कोठल्याकोठें गेल्या असतील. त्यांतून कोणास ताबूत दिसले असतील, कोणास नुसती उंची दिसली असेल. खालचे खांदे बहुतेक चित्रांत आलेलेच नव्हते, कारण फोन वर धरिलेला होता.

त्यानंतर सहा आठवडे झाले असतील नसतील. कडेगांवपासून फार दूर नसलेल्या, परंतु सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांत मोडणाऱ्या पुसेसावळी या गांवीं, १० सप्टेंबर २०२३ च्या रात्रीं, समाजमाध्यमावरील एका आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल उसळली. दुकानें व वाहनें जाळलीं गेलीं, मशिदीवर हल्ला झाला, आणि एका तरुणाचा प्राण गेला. जिल्ह्यांतील इंटरनेट सरकारनें बंद केलें. त्याच वर्षीं जूनमध्यें कोल्हापुरांतहि स्टेटसवरील चित्रांवरूनच दगडफेक झाली होती. चोवीस तासांनीं आपोआप पुसलें जाणारें एक चित्र, आणि त्यापायीं कायमचें मोडलेलें एक घर. ज्या खोऱ्यांत दीड शतक हिंदु-मुसलमान एकाच मनोऱ्याखालीं खांदा देत आले, त्याच्या शेजारींच हें घडावें, याचा उलगडा आम्ही अजून करीत आहों. पूर्वीं दंगे होतच नसत असें कोणी म्हणेल तर तें खोटें आहे. पण पूर्वीं गांवांत कोणी भलतेंसलतें बोलला तर तो कोण, कोणाचा, शुद्धींत होता कीं नाहीं, त्याच्या बापास कोठें गांठावें, हें लोकांस ठाऊक असे. आणि ठाऊक असल्यामुळेंच पुष्कळदां प्रकरण पारावर मिटे. आतां बोलणारा दिसत नाहीं. दिसतो तो त्याच्या नांवाचा शेजारी.

आमच्या पुतण्यानें ती बातमी आम्हांस दाखविली. तो तेव्हां दहावींत होता. त्याच्या मित्रांच्या समूहावर त्या रात्रींबद्दल नाना तऱ्हेचा मजकूर येत होता, आणि त्यांतला काय खरा हें त्यास कळेना. त्यानें वडगांवच्या त्या उसाच्या कांड्यावाल्या मुलास फोन केला. दोघांची ओळख टिकली होती हें आम्हांस तेव्हांच कळलें. तिकडून तो मुलगा काय म्हणाला तें त्यानें सविस्तर सांगितलें नाहीं. एवढेंच म्हणाला कीं तिथें शांत आहे, आणि त्याच्या वडिलांनीं फोन बंद करून ठेवावयास सांगितलें आहे. त्यानेंहि आपला समूह त्या दोन-तीन दिवसांपुरता मिटून ठेविला.

ज्या वाचकांस हें खोरें पाहावयाचें असेल त्यांनीं किर्लोस्करवाडीस उतरावें हें उत्तम. कऱ्हाडाहूनहि कडेगांवास रस्ता आहे. सागरेश्वरास सकाळीं लौकर जावें, उन्हें चढलीं म्हणजे हरणें झाडींतून बाहेर येत नाहींत. मोहरमाची तारीख चांद्र वर्षामुळें दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तेव्हां दिनदर्शिका पाहूनच बेत आंखावा. पावसाळ्यांत आल्यास छत्रीपेक्षां डोक्यावरून घ्यावयाची इरली अधिक सोयीची, कारण कडेगांवच्या त्या गर्दींत छत्री उघडण्यास जागा नसते, आणि मागच्यांस ताबूत दिसत नाहींत.